मुंगीचा सवाल

रेवदंड्याच्या बंदर मोहल्ल्यात लग्नघराचं दार हातानं उघडत नाही, गाण्यानं उघडतं. मशिदीत निकाह पढून नवरदेव वरात घेऊन मुलीच्या घराशी येतो, तेव्हा दाराला आतून कडी असते. उंबऱ्याबाहेर बाया उभ्या असतात आणि त्या तीन सवाल गातात. नवऱ्याकडच्यांनी जवाबही गाऊनच द्यायचा. जवाब आला की कडी निघते, नाही आला तर नवरदेव उन्हात.

हे सवाल गेली चाळीस वर्षं एकाच गळ्यातून येत होते. हुरमतबी हळदे हिच्या. गळा गोड नव्हता. खाडीवरच्या वाऱ्यासारखा होता, जरा खारट, जरा फाटका, पण लांब जाणारा. तिनं मोहल्ल्यातल्या पोरींचीच नव्हे, त्यांच्या पोरींचीही दारं उघडून दिली होती. आता तिच्या स्वतःच्या नातीचं लग्न आठवड्यावर आलं होतं. एकुलती नात, सुमैया.

आणि नेमकं याच वर्षी मोहल्ल्याच्या जमातीनं ठराव केला. मागच्या साली एका लग्नातला डीजे रात्रीच्या इशाच्या नमाजच्या वेळेला असा काही दणाणला, की मशिदीतला पंखासुद्धा थरथरत होता म्हणतात. तेव्हा ठरलं, लग्नात काहीही वाजवायचं, गायचं झालं तर आधी मौलानांना विचारायचं. मौलाना म्हणजे मुबीन. सत्तावीस वर्षांचा, म्हसळ्याचा, आठ वर्षं गुजरातेत शिकून आलेला. दाढी काळीभोर, बोलणं हळू, आणि 'नको' म्हणताना डोळे खाली.

"दादी, विचारायला जाऊ नकोस," सुमैया म्हणाली. "नाय म्हणाले तर तुला लागेल."

"आनि न विचारता गायले तर जमातीला लागेल," हुरमतबी म्हणाली. "लोकांची दारं गाऊन उघडली मी. माझ्याच घरचं दार मुकं उघडायचं? पढून तरी दाखवते त्याला. चोरी थोडीच केलीय."

सकाळी पोरं मकतबातून, मशिदीतल्या शाळेतून, सुटली तशी ती मशिदीच्या ओसरीवर जाऊन बसली. मुबीन आला, सलाम केला, अदबीनं जरा लांब बसला.

"चाची, मनाई करण्यात मला आनंद नाही. पण मी ऐकलं, तुमच्या गाण्यात नबींची नावं येतात. दीनच्या गोष्टीत चूक गेली तर ती माझ्या मानेवर. म्हणून म्हणतो, तुम्ही म्हणा, मी किताबशी ताडून बघतो. बरोबर निघालं तर गा."

"आनि चुकलं तर?"

मुबीनचे डोळे खाली गेले.

हुरमतबीनं पदर सारखा केला आणि हात न वाजवता, हळू आवाजात पहिला सवाल म्हटला.

*दर्याच्या तळाला दुवा कुनी केली गो?*
*तीन अंधारांत वाट कुनी दिली गो?*
*दाराशी उभा तू, नवऱ्या, सांग,*
*युनूस नबीला घर झालं कोन?*

"जवाब?" मुबीननं विचारलं.

*घोळ मासा आला, गिळून गेला गो,*
*दात नाय लावला, काटा नाय रुतला गो.*
*पोटाच्या खोलीत नबी रडला,*
*दुवा ऐकून मासा काठाला आला.*

मुबीननं हात वर केला. "इथं थांबा. घोळ कसा असेल, चाची? घोळ आपल्या दर्यातला."

"मग कुठला मासा होता?"

"मोठा मासा."

"घोळ बारका असतो व्हय? माझ्या बापानं माणसाएवढा आणला होता."

"तसं नाही. किताबमध्ये..." मुबीन थांबला. किताबमध्ये मासा एवढंच आहे, हे त्याला पाठ होतं. जात लिहिलेली नाही.

"किताबमध्ये घोळ नव्हता असं लिहिलंय का?" हुरमतबीनं विचारलं. तिला भांडायचं नव्हतं, तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं.

मुबीनच्या दाढीत हसू हललं. "नाही लिहिलेलं. नाव घेतलेलं नाही. पुढे म्हणा."

*हुकूम कुनाला आला वरून गो?*
*डोंगरी घर कर, झाडात घर कर गो.*
*मांडवी घर कर, फुलांतून जा,*
*पोटातून तुझ्या निघू दे दवा.*

"जवाब मधमाशी," ती म्हणाली. "त्याचं गानं नंतर म्हनते." पण मौलानांचा चेहरा बदलला होता.

"पुन्हा म्हणा. घरं कुठं कुठं बांधायची?"

"डोंगरी, झाडात, मांडवी."

"ही आयत तुम्हाला कोणी शिकवली?"

"कुठली आयत? आईनं शिकवलं. ती अंगठा लावायची बाबा."

मुबीन उठला, हात धुऊन आला, आणि लाकडी रेहलवरचं कुरआन शरीफ उघडून त्यानं बोटानं ओळ दाखवली. तिला अरबी वाचता येत होतं ते जुजबी, अर्थ येत नव्हता. तो अर्थ सांगत गेला. पहाड, झाडं, आणि माणसं जे मांडव उभारतात ते. तिन्ही, त्याच क्रमानं. मग फळाफुलांतून फिर. मग तिच्या पोटातून निघतं ते पेय, लोकांना शिफा असलेलं. "आणि ऐका, चाची. नबींकडे पैगाम पाठवला असं सांगताना जो शब्द येतो, तोच इथं मधमाशीसाठी आलाय. तुम्ही 'हुकूम वरून आला' म्हणता ना, तेच."

हुरमतबीनं पदर डोळ्यांना लावला. चाळीस वर्षं ती ज्याला बायकांचं गाणं म्हणत आली होती, त्याच्या खाली असा खडक होता तर.

तिसरा सवाल तिनं जरा ताठ बसूनच म्हटला. सुलेमान बादशहाला परदेशच्या राणीची खबर कुणी आणली? आणि जवाबही म्हणून टाकला:

*खंड्यानं आनली गो, खंड्यानं आनली,*
*निळ्या निळ्या पंखांत चिठ्ठी बांधली.*

मुबीन पुढं वाकला. पानं उलटत राहिला. त्याचे डोळे खाली गेले होते.

"काय झालं?"

"चाची, हा खंड्या नाही. इथं नाव लिहिलंय. हुदहुद."

"हे काय असतं?"

"पक्षी. माशाची जात सांगितली नाही, म्हणून तुमचा घोळ राहिला. पण याचं नाव सांगितलंय. हे बदलावं लागेल."

खंड्या. खाडीतल्या काठीवर बसून मासा टिपणारा, निळाशार. आईच्या माहेरी, चौलच्या खाडीवर, ढिगानं. आईनं नाहीतर आजीनं, कुणीतरी कधीतरी तो अनोळखी पक्षी उचलून बाजूला ठेवला असेल आणि आपल्या ओळखीचा तिथं बसवला असेल. हुरमतबीला राग आला, आणि राग कुणावर करावा तेही समजेना.

"कसा दिसतो तुमचा हुदहुद?"

मुबीननं मोबाइलवर चित्र काढलं आणि फोन तिच्यासमोर ठेवला. हुरमतबीनं तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला.

"अरे ह्यो?" ती उठूनच उभी राहिली. "ह्यो तर आमच्या वाडीत हिंडतो! आमी सुतार म्हणतो याला! चला. उठा, चला."

तिच्या घरामागं नारळाची वाडी होती. पाट नुकताच सोडला होता, माती ओली. तिसऱ्या माडाच्या आळ्यात तो होता. गव्हाळ अंग, पंखांवर काळे-पांढरे पट्टे, लांब चोच जमिनीत खुपसून किडे उकरत होता, ऐटीत, जणू वाडी त्याच्याच नावावर. चाहूल लागली तसा त्यानं डोक्यावरचा तुरा फाडकन उलगडला, ताज घातल्यासारखा.

मुबीन जागच्या जागी थिजला. त्याच्या हातातली तसबीहची माळ थांबली.

"मी हे नाव दहा वर्षांचा असल्यापासून पढतोय," तो अगदी हळू म्हणाला. "पाहिला आज."

"नावाला तू ओळखतोस, तोंडाला मी," हुरमतबी म्हणाली. पहिल्यांदाच ती त्याला 'तू' म्हणाली आणि दोघांच्याही ते लक्षात आलं नाही. "एवढासा जीव. बादशहासमोर काय बोलला असेल?"

"बोलला, जे तुम्हाला माहीत नाही ते मला माहीत आहे. सुलेमानांच्या तोंडावर."

हुरमतबी खो खो हसली. हुदहुद उडून दुसऱ्या माडाखाली गेला.

"अजून काय लिहिलंय तिथं? मला ठाऊक नाय असं?"

मग वाडीतच, पाटाच्या काठावर उभ्या उभ्या, मुबीननं तिला हुदहुदच्या अगोदरच्या आयती सांगितल्या. त्या सूरतीचं, म्हणजे अध्यायाचं, नावच मुंगीचं. सुलेमान निघालेत, बरोबर माणसांचं, जिन्नांचं, पाखरांचं लष्कर. वाटेत मुंग्यांचं खोरं लागतं. एक मुंगी बाकीच्यांना ओरडून सांगते, घरांत शिरा गो, नाहीतर सुलेमान आणि त्यांचं लष्कर तुम्हाला चिरडून टाकेल, आणि त्यांना कळणारही नाही.

"कळणारही नाही, असं ती म्हणाली?"

"हो."

"म्हणजे दोष नाय दिला तिनं. मुद्दाम चिरडतात असं नाय म्हणाली. नकळत, म्हणाली." हुरमतबी मातीकडे बघत होती. "मग बादशहानं काय केलं?"

"तिचं बोलणं ऐकून हसले. अल्लाहचा शुक्र मानला. किताबमध्ये एवढं आहे. जुने आलिम सांगतात की लष्कर थांबवलं, मुंग्या घरात जाईपर्यंत." मुबीन हुरमतबीकडे वळला. मग म्हणाला, "चाची, गा तुम्ही. माइक नको, नमाजची वेळ सांभाळा. आणि माझ्यामुळे चार दिवस तुम्हाला झोप लागली नसेल, तर माफ करा. मला कळलं नव्हतं."

परवानगी मिळाली, पण अडचण अर्धीच सुटली. सवाल गाणारी होती, जवाब गाणारं कोण? मोहल्ल्यातल्या जुन्या बाया गेल्या, नव्यांना चाल येत नाही, आणि नवऱ्याकडचे मुरुडचे लोक. त्यांना ही रीतच ठाऊक नव्हती. जवाब आला नाही की ते चिडणार, दार ढकलणार, आणि मग लोक म्हणणार, बघा, यासाठी बंद करायला हवं होतं.

हुरमतबी कोळीवाड्यात गेली. सत्यवती वलांडीवर बोंबील टांगत होती, जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीनं. सत्यवती म्हणजे धवलारीण, कोळ्या-आगऱ्यांच्या लग्नात धवले गाऊन लग्न लावणारी. दोघींची मैत्री पन्नास वर्षांची आणि भांडण एकावन्न.

"इतक्या वर्षांत माझे सवाल ऐकून तुला जवाब पाठ झाले असतील."

"झालेत. तुझ्यापेक्षा बरे गाते मी."

"मग नवऱ्याकडून गा."

सत्यवतीचे हात थांबले. "म्हणजे मी तुझ्या विरोधात?"

"एरवी कुनाच्या बाजूनं असतेस?"

सत्यवती इतकी हसली की वलांडी हलली. मग हुरमतबीनं खंड्याचं सांगितलं. आईची ओळ बदलायची, जीव होत नाही म्हणाली.

"गो बाय, आयची ओळ हाय, आयचं हाड न्हाय," सत्यवती म्हणाली. "माझी आय धवल्यात नवऱ्याला होडीतून आणायची. मी आता स्कॉर्पिओतून आणते. आय सपनात येऊन ओरडली का? पाखरू खरं असंल तर खरं गा. मला फक्त दहादा म्हणून दाखव. माझ्या तोंडात खंड्या बसलाय चाळीस वर्सं, तो असा उडायचा नाय."

लग्नाच्या दिवशी दुपार कलल्यावर, असरची नमाज झाली आणि वरात आली. माघाचं ऊन मऊ होतं, घरातून सांदणांचा वाफाळ गोड वास येत होता. नवरदेव इदरीस कुवेतला बंदरावर क्रेन चालवायचा. उंच, लाजरा, शेरवानीत अवघडलेला. त्याची आई दिलशाद मात्र अवघडलेली नव्हती. दार बंद बघून तिनं कपाळाला आठ्या घातल्या.

"हे काय? काझीनं निकाह पढलाय. आता दार कसलं अडवता?"

"निकाह मशिदीत झाला," हुरमतबी म्हणाली. "घर अजून राजी व्हायचंय."

बायांनी टाळी धरली. हुरमतबीनं आवाज सोडला आणि तो मोहल्ला ओलांडून पार बंदरावरच्या होड्यांपर्यंत गेला. पहिला सवाल. तीन अंधार, दर्याचा तळ, युनूस नबीला घर झालं कोण?

वऱ्हाडी एकमेकांकडे बघू लागले. नवऱ्याचा एक दोस्त ओरडला, "पाणबुडी!" बाया खिदळल्या. दिलशादच्या आठ्या वाढल्या. तेवढ्यात बायांच्या घोळक्यातून हिरवं लुगडं पुढं आलं आणि सरळ वरातीत जाऊन उभं राहिलं.

"आज मी मुरुडची!" सत्यवतीनं जाहीर केलं आणि घोळ मासा असा काही गायली की दिलशादच्या बाजूच्या बायांनीही नकळत टाळी धरली. दुसरा सवाल मधमाशीचा. सत्यवतीनं तोही झेलला. दोन म्हाताऱ्या आमनेसामने, एक उंबऱ्याशी, एक वरातीत, जणू खेळात उतरलेल्या पोरी. माणसं गच्चीवरून वाकून बघत होती.

तिसरा. राणीची खबर कुणी आणली? पुरुषांत उभा असलेला मुबीन चपलांकडे बघू लागला.

सत्यवतीनं श्वास घेतला. "खं..."

मुबीननं डोळे मिटले. हुरमतबीचा हात टाळीत अधांतरी राहिला.

"खं, खं, खोकला आला गो मेला!" सत्यवतीनं छाती थोपटली, आणि मग,

*हुदहुद आला गो, तुरेवाला आला,*
*बादशहाच्या तोंडावर खरं बोलला.*
*तुला नाय ठावं ते मला ठावं,*
*राणीच्या गावाचं सांगितलं नाव.*

मुबीननं डोळे उघडले. जमातीचे म्हातारे एकमेकांना कोपरानं ढोसत होते. सगळ्यांना वाटलं, झालं, आता कडी निघणार. दिलशादनं तर पाऊल उचललं.

हुरमतबीनं हात आडवा धरला.

"अजून एक हाय."

"तीन असतात!" सत्यवती पलीकडून ओरडली. "ह्याचा जवाब मला नाय शिकवलास!"

"ह्याचा जवाब तुझा नव्हेच," हुरमतबी म्हणाली आणि इदरीसकडे बघून तिनं गायला सुरुवात केली. टाळीशिवाय. आवाज आता लांब जाणारा नव्हता, जवळ येणारा होता.

*बादशहाचं लष्कर निघालं गो,*
*मुंगीच्या दाराशी आलं गो.*
*एवढीशी मुंगी, बोल तिचा बारीक,*
*"चिरडतील आम्हा, त्यांना नाय ठाऊक."*
*सुलेमान हसला, थांबलं लष्कर,*
*मुंग्यांचं घर मग राहिलं सुखरूप.*
*आमची पोर बोलेल बारीक आवाजात,*
*थांबशील का रे तू, चालत्या पावलात?*

 गच्चीवरची पोरं आणखी पुढं झुकली.

"हे काय नवीन?" दिलशादचा आवाज चढला. "माझा पोरगा काय कुणाला चिरडायला आलाय? मौलाना, तुम्हीच सांगा, हे असलं कुठं लिहिलंय?"

सगळ्या मोहल्ल्यानं मुबीनकडे बघितलं. तो पुढं आला. या वेळी डोळे खाली नव्हते.

"लिहिलंय, खाला. मुंगीच्या नावाची अख्खी सूरत आहे. एवढ्या मोठ्या बादशहानं एवढ्याशा जिवाचं बोलणं ऐकलं, आणि अल्लाहनं ते आपल्यासाठी जपून ठेवलं. लष्कर थांबल्याचं आलिम सांगतात." मग तो नवरदेवाकडे वळला. "आणि चाची बरोबर म्हणतात. याचा जवाब दुसऱ्या कुणाला देता येत नाही."

इदरीसनं घाम पुसला. आईकडे बघितलं, मग बंद दाराकडे. दाराच्या फटीतून आत कुणीतरी श्वास रोखून उभं आहे, हे बाहेरूनही कळत होतं.

"थांबेन," तो म्हणाला.

"गाऊन!" बाया एका दमात ओरडल्या.

"मला गाता येत नाय."

"मुंगीला तरी कुठं येत होतं!" सत्यवती म्हणाली आणि तिनं त्याच्या पाठीत धपाटा घातला.

इदरीसनं गळा साफ केला. सूर पहिल्याच अक्षराला सुटला. क्रेनचा भोंगा बरा, असा तो आवाज होता. पण तो दाराकडे तोंड करून गायला, लोकांकडे नव्हे.

*थांबेन गो, थांबेन गो,*
*ऐकू नाय आलं तर...*

तो अडला. यमक सापडेना. कपाळावर पुन्हा घाम आला. मग चाल सोडून, साध्या बोलण्यात, तो म्हणाला, "कामावर फार गोंगाट असतो. कान जरा जड झालेत माझे. मला ऐकू नाय आलं, तर पुन्हा बोल. जोरात बोल. मी थांबेन."

दिलशादच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून सुटल्या. तिनं तोंडाला पदर लावला. पंचवीस वर्षांपूर्वी असं कुणी तिला म्हटलं होतं की नव्हतं, ते तिलाच ठाऊक.

रीत अशी, की कडी मुलीच्या मावशीनं काढायची, आणि तीही हुरमतबीनं 'बिस्मिल्ला' म्हटल्यावर. हुरमतबीनं तोंड उघडलं, पण तेवढ्यात आतून खाडकन आवाज आला. कडी निघाली. दोन्ही फळ्या भिंतीला जाऊन आदळल्या आणि उंबऱ्यात सुमैया उभी होती. लाल ओढणी, मेंदीचे हात, घूंघट अर्धा सरकलेला, आणि कडी काढताना खरचटलेलं बोट तोंडात.

"ऐकलं मी," ती म्हणाली. "जोरात बोलेन."

मोहल्ल्यात कल्ला उठला. शिट्ट्या, टाळ्या, गच्चीवरून बत्ताशे. सत्यवती मुरुडकरांना ढकलत पहिली आत शिरली, "आम्हाला आधी जेवण वाढा, आम्ही नवऱ्याकडचे!" म्हणत. मुबीन हसत हसत बाजूला झाला, तर तीन तरण्या पोरी त्याच्याशेजारून धावत हुरमतबीला जाऊन बिलगल्या.

"चाची, तो मुंगीचा सवाल पुन्हा म्हणा ना. पहिल्या ओळीपासून."

हुरमतबीनं त्यांना आपल्याभोवती उभं केलं, एकीचा हात धरून दुसरीच्या हातावर ठेवला, टाळी कुठं पडते ते दाखवलं. मग मान वर केली आणि भर उजेडात, सगळ्या बंदराला ऐकू जाईल अशा आवाजात, तिनं पहिली ओळ दिली. पोरींनी ती उचलली.